फ्रेंच 'ले', स्पॅनिश 'लेचे', इटालियन 'लात्ते': मूळ एकच ना?

पेठेतली_मुलगी: रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकतेय. दुधाला आम्ही 'ले' म्हणतो, स्पॅनिश शिकणारी मैत्रीण 'लेचे' म्हणते, कॅफेत 'लाते' मिळते. इतका फरक कसा पडला?

कोथरूडचे_काका: अगं, मूळ लॅटिन 'लाक्तेम'. सगळा खेळ त्या 'क्त'चा! इटालियनमध्ये 'क' पुढच्या 'त'मध्ये मिसळला: लात्ते. पोर्तुगीजमध्ये त्याचा 'इ' झाला: लेइते. फ्रेंचही त्याच वाटेनं गेली. शेवटचा 'त' लिहितात, पण उच्चारत नाहीत. स्पॅनिशमध्ये त्याच वाटेनं पुढे जाऊन 'च' झाला. आणि रोमेनियनमध्ये 'लाप्ते', 'क'च्या जागी 'प'! मला हे रूप फार आवडतं. रात्र म्हणजे 'नोक्तेम', तीही लावून बघ: नोत्ते, नोइते, नोचे, नोआप्ते.

प्राकृतप्रेमी: इटालियनची वाट आपलीच आहे की. संस्कृत 'भक्त' म्हणजे शिजवलेलं अन्न. प्राकृतात 'भत्त', मराठीत 'भात'.

पेठेतली_मुलगी: काका, मग 'केलेलं' या अर्थाचा 'फाक्तुम' घेते. इटालियन फात्तो, पोर्तुगीज फेइतो, रोमेनियन फाप्त, स्पॅनिश... फेचो?

कोथरूडचे_काका: तीन अचूक! स्पॅनिशमध्ये 'एचो'. तिथं बऱ्याच शब्दांतला सुरुवातीचा 'फ' आधी 'ह' झाला, मग बोलण्यातून गळाला. लिहिताना 'ह' अजून आहे.