खाणीवरचं ०-४-० इंजिन अडखळतं: कपॅसिटर लावायचा की एक्सल झुलता करायचा?

फायरबॉक्स

मॉडेल रेल्वेत सध्या जो तो छोट्या इंजिनाच्या पोटात ‘स्टे-अलाइव्ह’ कपॅसिटर (रुळावरून वीज तुटली की थोडा वेळ ती पुरवणारा साठा) कोंबतोय, म्हणून हा धागा. माझं मत: कोळसा खाणीवरचं छोटं ०-४-० (चारच चाकांचं) इंजिन ४ मिमी स्केलला (खऱ्या एका फुटाला ४ मिमी) करताना कपॅसिटर लावणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं आहे. दुखणं चेसिसमध्ये असतं.

उदाहरणाला अँड्र्यू बार्कलेचं १४ इंची सिलिंडरचं सॅडल टँक (बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी असलेलं इंजिन) घ्या. किल्मार्नॉकला बनलेलं, स्कॉटलंडच्या खाणींवर ज्याला ‘पग’ म्हणत तसलं. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) साडेपाच फूट धरला तर मॉडेलमध्ये २२ मिमी. चार चाकं, कडक फ्रेम. चार पायांच्या टेबलासारखं ते कुठल्याही क्षणी तीनच चाकांवर उभं असतं, चौथं केसभर अधांतरी. म्हणजे एका बाजूला वीज घ्यायला एकच चाक उरतं. ते चाक पॉइंटच्या (रूळ बदलायच्या सांध्याच्या) प्लास्टिक फ्रॉगवर (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) किंवा काळ्या पडलेल्या रुळावर आलं की इंजिन जागच्या जागी उभं.

आता कपॅसिटरचं गणित. २२० मायक्रोफॅरडचे पाच टँटलम कपॅसिटर समांतर जोडले तर ११०० होतात. मोटर १०० मिलिअँपिअर घेते आणि व्होल्टेज १४ वरून ७ पर्यंत उतरलं तरी चालतं असं धरा. वेळ मिळतो ०.०७७ सेकंद. खाणीच्या यार्डात इंजिन ताशी ५ मैलांनी चालतं, म्हणजे मॉडेलमध्ये सेकंदाला २९ मिमी. तेवढ्या वेळात ते सव्वादोन मिमी सरकतं. त्यात फ्रॉग काय ओलांडणार?

उपाय जुनाच आहे. मागचा, गिअरबॉक्सचा एक्सल फ्रेममध्ये पक्का. पुढच्या एक्सलच्या बेअरिंगला उभी खाच, वर अर्धा आणि खाली अर्धा मिमी खेळ. फ्रेमच्या मध्यावर लांबीच्या दिशेनं दीड मिमीची पितळी दांडी, तिचं टोक पुढच्या एक्सलच्या बरोबर मध्यभागी टेकलेलं. झाला तीन बिंदूंचा आधार. चारही चाकं रुळाला लागलेली राहतात.

निळी_वायर

असहमत, आणि गणितातली पळवाट दाखवतो. टँटलमचा हिशोब बरोबर आहे, पण आता तो कोण वापरतं? २.७ व्होल्टचे, ०.४७ फॅरडचे सहा सुपरकॅपॅसिटर एकामागे एक जोडा. एकूण १६.२ व्होल्ट आणि ०.०७८ फॅरड. तुमच्याच आकड्यांनी साडेपाच सेकंद होतात. सेकंदाला २९ मिमी धरलं तर दीडशे मिमीच्या वर अंतर. कुठला फ्रॉग एवढा लांब असतो?

जोडणी लिहितो, कारण नव्वद टक्के तक्रारी तिथेच उगवतात. डीकोडरच्या (इंजिनातली, रुळावरून येणारे डिजिटल आदेश वाचणारी चिप) निळ्या, म्हणजे धन, वायरीपासून १०० ओमचा रेझिस्टर, तिथून सुपरकॅपचं धन टोक. रेझिस्टरला समांतर १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू निळ्या वायरीकडे. म्हणजे भरताना करंट रेझिस्टरमधून हळू जातो, देताना डायोडमधून मोकळा येतो. ऋण टोक डीकोडरच्या ग्राउंडला. काळ्या वायरीला नाही, ती रुळाची आहे! तिथे जोडलं की धूर. रेझिस्टर पाव वॉटचा घेऊ नका. कॅप रिकामा असताना त्यावर सुरुवातीला जवळपास दोन वॉट पडतात. रुळावरचं व्होल्टेजही मोजून घ्या. कमांड स्टेशन (रुळाला वीज आणि आदेश देणारा डबा) १८ व्होल्ट देत असेल तर रेक्टिफायरनंतर साडेसोळा उरतात आणि १६.२ ची मर्यादा ओलांडली जाते.

सीव्ही २९ (सीव्ही म्हणजे डीकोडरमध्ये साठवलेलं सेटिंग) मधून ४ वजा करा, म्हणजे साध्या डीसीवर चालण्याची मुभा बंद होते. नाहीतर सिग्नल तुटला की डीकोडर डीसी समजून सुसाट सुटू शकतो. आणि प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर सीव्ही वाचता येत नाहीत म्हणून ओरडू नका, भरणारा कॅप डीकोडरची पोचपावती गिळतो. आधी प्रोग्रॅम करा, मग कॅप जोडा.

हे सगळं तासाभराचं काम. तुमच्या झुलत्या एक्सलला किट, जिग, क्वार्टरिंग (दोन बाजूंच्या क्रँकपिन ९० अंशांत बसवणं) आणि सहा महिने. हॉर्नबीचा पेकेट डब्ल्यू४ (असंच ०-४-० सॅडल टँक) २०१६ मध्ये आल्यापासून बहुतेकांकडे तयार मॉडेलच आहे. त्याची डायकास्ट चेसिस करवतीनं कापायला सांगताय का?

रूळजोड

दोघेही इंजिनाला धरून बसलात. रूळ बघा की राव.

फ्रॉग जिवंत करा, म्हणजे त्यालाही वीज द्या, निम्मं भांडण मिटेल. पेकोचा इलेक्ट्रोफ्रॉग (धातूच्या फ्रॉगचा पॉइंट) असेल तर फ्रॉगच्या दोन्ही रुळांना पुढे इन्सुलेटेड जॉइनर, आणि पॉइंट मोटरच्या स्विचमधून फ्रॉगला वीज. युनिफ्रॉग असेल तर तो मुळात मृत येतो. खालची वायर जोडल्याशिवाय त्याचा फायदा नाही, आणि ती वायर न जोडता लोक म्हणतात ‘नवीन पॉइंट बेकार’. पॉइंटच्या सरकत्या ब्लेडच्या स्पर्शावर विसंबू नका. बॅलास्टचा गोंद तिथे उतरतो आणि महिन्याभरात करंट बंद.

शिवाय पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत निकेल सिल्व्हरचा रूळही काळपट पडतो. ती चिकट काजळी चाकांनी आणखी पसरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सँडपेपर लावू नका. ओरखड्यांत घाण लवकर बसते.

फायरबॉक्स

@रूळजोड, जिवंत फ्रॉगला माझी ना नाहीच. पण चाक अधांतरी असेल तर फ्रॉग जिवंत असून काय उपयोग?

@निळी_वायर, साडेपाच सेकंद हीच तर अडचण आहे. त्या वेळात डीकोडरला रुळावरून आदेश मिळत नाही. तुम्ही थांबा म्हणता, ते ऐकत नाही, आणि इंजिन दीडशे मिमी पुढे स्क्रीनच्या (खाणीवरच्या कोळसा चाळायच्या इमारतीच्या) खाली उभ्या वॅगनींवर जाऊन आदळतं. सीव्ही ११ मध्ये पॅकेट टाइम-आउट लावता येतो हे मान्य, पण तो कमी केला तर कपॅसिटरचा फायदाही तेवढाच कमी. आणि सहा सुपरकॅप ठेवणार कुठे? सॅडल टँकमध्येच ना? तिथे शिसं हवं. वजन कमी झालं की चाकांचा रुळावरचा दाब कमी, स्पर्श आणखी वाईट. म्हणजे कपॅसिटर स्वतःची गरज स्वतःच निर्माण करतो.

निळी_वायर

शिशाचा विषय काढलात तर तुमच्या बाजूची एक गोम सांगतो. तीन बिंदूंच्या आधारात गुरुत्वमध्य मागच्या दोन चाकं आणि पुढचा मध्यबिंदू या त्रिकोणात पडावा लागतो. पुढे त्रिकोण निमुळता. सॅडल टँकला सिलिंडर, स्मोकबॉक्स, सगळा बोजा पुढे. गुरुत्वमध्य पुढच्या एक्सलजवळ गेला की इंजिन रुळावर डुलायला लागतं, आणि एक्सलच्या पुढे गेला की नाक टेकवतं. मग केबिनमध्ये शिसं भरायचं, आणि केबिन तर उघडी! तेव्हा ‘टँकमध्ये शिसं हवं’ हे कडक चेसिसला लागू, तुमच्या चेसिसला मागे हवं.

फायरबॉक्स

मुद्दा बरोबर. म्हणून मोटर आडवी टाकून गिअरबॉक्स मागच्या एक्सलवर घ्यायचा आणि शिसं टँकच्या मागच्या अर्ध्यात, फायरबॉक्सवर. बोटांनी इंजिन उचलून तोल कुठे बसतो ते रंगाच्या आधीच बघायचं. शिशाचे छर्रे मात्र पीव्हीए गोंदात बसवू नका, ते हळूहळू फुगतात आणि काही महिन्यांनी व्हाइटमेटलचा टँक चिरतो. इपॉक्सी वापरा.

गिअरचंही सांगतो, कारण अडखळण्याचा निम्मा दोष घाईच्या गिअरिंगचा असतो. चाक १४ मिमी, परीघ ४४. ताशी ५ मैलांना चाक मिनिटाला ४० फेरे घेतं. १:३० च्या गिअरवर मोटर १२०० वर चालते, तिथे ती धड फिरत नाही, झटके देते. १:८० ला ३२०० वर शांत चालते, आणि १४,००० फेऱ्यांची मोटर असेल तरी कमाल वेग ताशी २२ मैल. खाणीला त्याहून जास्त हवाय कशाला?

काजळी

नॅशनल कोल बोर्डाचं (ब्रिटनच्या तेव्हाच्या सरकारी कोळसा मंडळाचं) इंजिन म्हटलं की लोक एअरब्रश घेऊन चेसिससकट सगळं काळं करतात. टायरवर आणि टायरच्या पाठीमागे रंग बसला की पिकअपची (चाकावरून वीज घेणारी) फॉस्फर ब्राँझ वायर रंगावर घासत राहते. कपॅसिटर घाला नाहीतर एक्सल झुलवा, वीज येणार कुठून? चाकं हळू फिरत असताना स्प्रे करायचा आणि टायर लगेच थिनरच्या बोळ्यानं पुसायचे. पिकअप ०.३ मिमीची वायर पुरे. जाड वायर जोरानं दाबली की ती ब्रेकचं काम करते आणि छोट्या इंजिनात ते लगेच जाणवतं.

दुसरं, वॅगनमध्ये खरा कोळसा कुटून भरणाऱ्यांसाठी. छान दिसतो, पण पातळ केलेल्या पीव्हीएनं पूर्ण भिजवून बसवा. सुटी भुकटी रुळावर येते, गिअरच्या तेलात मिसळून काळी पेस्ट होते आणि वर्मला (मोटरवरच्या आट्यांच्या गिअरला) खाते. चाळून बारीक पूड आधीच काढून टाका.

वॉटरसाइड_पग

तुम्ही बार्कलेच्या पगवरून भांडताय, पण प्रत्यक्षातला तोडगा कुणीच काढला नाही. एअरशरमध्ये वॉटरसाइडच्या खाणमार्गावर पगला कोळसा ठेवायला जागा पुरत नव्हती, म्हणून जुन्या वॅगनच्या बाजू कापून केलेले घरगुती टेंडर मागे जोडत. मॉडेलमध्ये हे वरदान आहे. टेंडर कायमचा जोडा, त्याच्या चारही चाकांवरून वीज घ्या. एकाच बाजूला इन्सुलेशन असलेली १२ मिमीची वॅगन चाकं घ्या. एक एक्सल चाकांसकट उलटा बसवा, म्हणजे एक एक्सल डाव्या रुळाचा, दुसरा उजव्या रुळाचा, आणि पातळ ब्राँझची पट्टी थेट एक्सलवर घासवा. सुपरकॅपही टेंडरमध्ये कोळशाखाली मावतात. दोन्ही पंथ खूश.

रूळजोड

एका एक्सलवर एकच रूळ घेतलात तर टेंडरच्या चार चाकांतली दोनच कामाला आली. चारही हवीत तर दोन्ही एक्सल मधून कापून स्प्लिट करायला हवेत.

आणि हे वॉटरसाइडपुरतं ठीक. साउथ वेल्समध्ये माउंटन ॲशला कुणी पगमागे वॅगन जोडली तर जाणकार हसतील. तिथे ऑस्टेरिटी चालवा. १९४३ ला युद्धखात्यासाठी निघालेलं हन्सलेटचं ०-६-०, कोल बोर्डासाठी १९६४ पर्यंत बनत होतं. व्हीलबेस ११ फूट, मॉडेलमध्ये ४४ मिमी, सहा चाकं. जिवंत फ्रॉगवर ते कडक चेसिसनंही सहसा अडत नाही. हा सगळा वाद ०-४-० पुरताच आहे.

फायरबॉक्स

ऑस्टेरिटीला कडक चेसिस चालते, मान्य. झुलती करायचीच तर कपलिंग रॉड मधल्या क्रँकपिनवर दोन तुकड्यांत जोडावा लागतो, नाहीतर एक्सल हलूच शकत नाही. ०-४-० ला ही भानगड नाही. रॉड अखंड ठेवून भोक ०.१ मिमी सैल केलं की पुरतं.

टेंडरची कल्पना आवडली, फक्त वायरीकडे लक्ष द्या. नेहमीची जाड हुकअप वायर घातली तर तिच्या ताठपणानं टेंडरचं एक चाक उचललं जातं, आणि ज्यासाठी टेंडर जोडला तेच हातचं जातं. डीकोडरची असते तसली बारीक, मऊ वायर घ्या. ड्रॉबारच्या दोन्ही बाजूंना एकेक सैल वळसा ठेवा, आणि बॉडी लावण्याआधी टेंडर तुमच्या सगळ्यात तीव्र वळणावर ढकलूनही बघा, ओढूनही.