कपड्यावर कर अमेरिकेने लावला, मग आमचा कापूस का उतरला?

कोरडवाहू_यवतमाळ यांचा प्रश्न

माझे वडील यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू जमिनीत कपाशी आणि तूर घेतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत व नंतर 31 डिसेंबरपर्यंत माफ केले. आमची पहिली वेचणी नेमकी त्याच काळात आली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये जाहीर झालेला होता, पण परतीच्या पावसात भिजलेल्या बोंडांतला ओलावा 12 टक्क्यांच्या वर असल्याने तो माल हमीभावाच्या खरेदीत बसला नाही, आणि खेडा खरेदीला, म्हणजे गावातच माल घ्यायला, आलेल्या व्यापाऱ्याला तो 6700 रुपयांनी द्यावा लागला. वडिलांनी मला फोनवर एकच प्रश्न विचारला: "कर त्यांनी कपड्यावर लावला, मग आपला कापूस कसा काय स्वस्त झाला?" मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. जाणकारांनी ते कृपया सोप्या शब्दांत सांगावे.

सूत_आणि_हिशेब (इचलकरंजी)

मी बावीस वर्षे सूतगिरण्यांच्या हिशेबात काढली आहेत, त्यामुळे आकड्यांतूनच सांगतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे बी वेगळे करायला, गेला की त्यातून साधारण 34 किलो रुई (बी काढलेला कापूस) आणि 64 किलो सरकी (बी) निघते, बाकीची घट. रुईचा सौदा खंडीवर होतो आणि खंडी म्हणजे 356 किलो. समजा खंडी 54,000 रुपयांना आहे, तर 34 किलो रुईचे सुमारे 5150 रुपये होतात. सरकी 33 रुपये किलो धरली तर तिचे 2100. म्हणजे 7250 रुपये, आणि यातूनच जिनिंगचा खर्च, वाहतूक, व्याज व व्यापाऱ्याचा नफा निघायचा असतो. शुल्क माफ झाल्यामुळे बंदरावर उतरणारी रुई खंडीमागे पाच हजारांनी स्वस्त पडली, तर याच हिशेबाने तुमच्या क्विंटलमागे जवळजवळ 480 रुपये जातात. त्यासाठी परदेशी रुईची गाठ यवतमाळपर्यंत यावी लागत नाही. ती गुजरातेतल्या मुंद्रा बंदराला या दराने मिळते एवढे गिरणीला ठाऊक असले तरी पुरते.

आता कराचा धागा. अमेरिकन खरेदीदाराने तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या तयार कपड्यांची ऑर्डर थांबवली की होजिअरीवाला सूत उचलत नाही, सूत पडून राहिले की गिरणी रुई घेत नाही. निर्यातदारांना निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळावा म्हणून शुल्क काढले गेले. वडिलांना इतकेच सांगा की कपड्यावर बसलेला भार साखळीत खाली सरकत गेला आणि ज्याच्या खाली कोणीच नव्हते, त्याच्याजवळ थांबला. तरीही गिरण्यांना खलनायक ठरवू नये, कारण तिरुप्पूरच्या शिलाई यंत्रांवर बसणाऱ्या बाया तुमच्याइतक्याच गरजवंत आहेत.

जुने_कागद

वऱ्हाडाला हा खेळ नवा नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात भाव आकाशाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. मुंबईत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे, कापसाच्या पैशावर फुगलेले शेअर मातीमोल झाले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. वऱ्हाडात मात्र कापूस टिकला, कारण आगगाडी आली होती. खामगावची कापसासाठी टाकलेली शाखा 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. ज्वारीखालची जमीन हळूहळू कपाशीखाली गेली आणि 1899-1900 च्या दुष्काळात घरात ज्वारीही नाही व ती विकत घेण्यापुरते पैसेही नाहीत, अशा अवस्थेत असंख्य कुटुंबे सापडली. दर मँचेस्टर ठरवत असे आणि पेरणी खामगाव करत असे. (राज्यातला कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा, या एकाधिकार खरेदी योजनेने 1972 पासून ही साखळी राज्यापुरती तोडून पाहिली, ती का फसली, हा वेगळा आणि लांबलचक वाद आहे.)

बांधावरचा_वकील

वरच्या दोन्ही उत्तरांत खुल्या बाजाराला दोष दिल्यासारखे वाटते आणि तिथेच माझा मतभेद आहे. आपला बाजार खुला नाही; तो एकाच बाजूने उघडतो. 2010 आणि 2012 मध्ये जगात मागणी असताना सरकारने कापसाची निर्यात रोखली. 2022 मध्ये खंडी लाखाच्या आसपास जाऊ लागली, तेव्हा एप्रिलमध्येच आयात शुल्क माफ झाले. भाव पडतो तेव्हा मात्र "जागतिक बाजारच मंद आहे" हे उत्तर तयार असते.

पलीकडचे चित्रही पाहावे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देते, त्याविरुद्ध ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि खटला जिंकला. शेवटी 2014 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी 2003 पासून हाच मुद्दा लावून धरला आहे, पण त्यांच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. भांडण्याइतके वकील आणि डोळे वटारण्याइतका व्यापार ज्याच्याजवळ असतो, त्यालाच या संघटनेत न्याय मिळतो.

मात्र एक गोष्ट आपल्याच घरातली आहे. भारतात हेक्टरी रुईचे उत्पादन साधारण 450 किलो असते आणि ब्राझीलमध्ये ते त्याच्या चौपटीच्या जवळ जाते. पाच एकर कोरडवाहू शेत आणि हाताने वेचणी असेल, तर शुल्क परत लावूनही हे अंतर भरून निघत नाही.

कोरडवाहू_यवतमाळ

सर्वांचे आभार. इचलकरंजीच्या काकांचा हिशेब मी वडिलांना फोनवर वाचून दाखवला आणि त्यांनी तो सरकीपासून पुन्हा करून पाहिला. त्यांचे म्हणणे असे की त्यात वेचणी कुठेच नाही. या वर्षी मजुरांना किलोमागे दहा रुपये दिले, म्हणजे क्विंटलला हजार तिथेच गेले. दुसऱ्या वेचणीचा कापूस आम्ही अजून विकलेला नाही. शुल्क 1 जानेवारीला परत लागले की भाव सुधारेल, या आशेवर तो पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवला आहे. आईच्या अंगाला त्यामुळे खाज सुटली आहे आणि ती रोज विचारते की हा कधी निघणार. जिनिंगचे दर जवळून पाहणाऱ्यांनी कृपया सांगावे: थांबावे, की आहे त्या भावात देऊन टाकावे?

सूत_आणि_हिशेब (इचलकरंजी)

वडिलांचे बरोबर आहे. आमच्या हिशेबात वेचणी नसतेच, कारण कापूस आमच्याकडे येतो तेव्हा ती होऊन गेलेली असते. थांबण्याविषयी सांगायचे तर शुल्क माफ असताना आलेल्या गाठी गिरण्यांच्या गोदामांत आहेत आणि त्या संपेपर्यंत मोठी तेजी मला तरी दिसत नाही. निम्मा कापूस सुकवून, ओलावा तपासून हमीभावाला घालून पाहा, निम्मा ठेवा. आईंची खोली तरी मोकळी होईल.