स्क्रॅम्बल्ड एग्ज रबरासारखी होतात, पाणीही सुटतं

वाशीकर: ३ अंडी, २ चमचे दूध, नॉनस्टिक पॅन, मध्यम आच. तरी चिवट होतात आणि ताटलीत पाणी साचतं. काय चुकतंय?

घोडबंदरवाली: पाणी सुटलं म्हणजे जास्त शिजलं. पांढरं साधारण ६२ अंशांना धरायला लागतं, पिवळं ६५ ते ७०ला. त्यापुढे प्रथिनं आवळतात आणि आतलं पाणी बाहेर टाकतात. दूध तर काढूनच टाका, उगाच पाणी वाढतं. दोन चिमूट मीठ घालून फेटा, १५ मिनिटं ठेवा, ओलावा टिकतो. लहान बर्नर, मंद आच, चमचाभर लोणी. लोणी वितळलं की अंडी ओता, तळ आणि कडा सतत खरवडत राहा. वर ओली चकाकी असतानाच गॅस बंद करून लगेच ताटलीत काढा. उरलेलं आपोआप शिजतं.

वाशीकर: पॅन जाड बुडाचा आहे, बंद केल्यावरही तापलेला राहतो.

घोडबंदरवाली: मग आणखी आधी उतरवा.

ऐरोलीकर: सतत ढवळलं तर बारीक, मलईदार होतात. मोठ्या मऊ घड्या हव्या असतील तर कडा धरेपर्यंत थांबा, मग उलथन्याने आत ओढा.

नौपाडा: भुर्जीचं गणित वेगळं. तिथे पाणी टोमॅटोचं असतं. मसाला तेल सुटेपर्यंत परता, मगच अंडी फोडा.