शिक्षक म्हणून शाळेतलं पहिलं वर्ष: तुमचं कसं गेलं?

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे हाताशी थोडे दिवस आहेत. माझ्या भाचीला शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावरची शिक्षिका, म्हणून रामटेक तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं तेव्हा पेढे वाटले, आणि आता रोज रात्री फोन, "मामी, मले जमंल ना?" मी नागपुरात महापालिकेच्या शाळेत 26 वर्षं काढली, पण पहिलं वर्ष पोरांना गप्प बसवण्यातच गेलं. त्यामुळे माझा सल्ला अर्धाच. बाकीचं तुम्ही सांगा. उपदेश नको, घडलेलं लिहा.

देवलापारकडचे गुरुजी
पहिलीतला एक पोरगा दोन महिने तोंडातून शब्द काढेना. मी केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांना, सांगून मोकळा झालो की याला ऐकू येत नसावं, तपासणी करून घ्या. खिचडी शिजवणाऱ्या ताई हसल्या. "सर, तो घरी लय बोलते. गोंडीत बोलते." मी तोवर फळ्यावर 'पाणी' लिहून ओरडत होतो आणि त्याच्यासाठी पाणी म्हणजे 'येर'. त्या दिवशी शंभर पानी वही घेतली. पोरांनी शब्द सांगायचा, मी लिहायचा, माझा उच्चार चुकला की वर्गानं हसायचं. दिवाळीपर्यंत सव्वाशे शब्द झाले. तो पोरगा सगळ्यात कडक मास्तर निघाला, एकेक शब्द माझ्याकडून दहादा म्हणवून घ्यायचा. ऐकू न येण्याची शंका खरं तर माझ्याबद्दल घ्यायला हवी होती.

साताऱ्याहून कुहीत
माझं छोटंसंच आहे. चित्र ओळखा, उत्तर कोथिंबीर. अख्ख्या वर्गानं लिहिलं 'सांबार'. मला वाटलं इडलीबरोबरचं, दिली सगळ्यांना लाल फुली. दुसऱ्या दिवशी एकीची आजी जुडी घेऊनच दारात. "मॅडम, हे सांबार नोहे तं काय आहे मंग?" फुल्या खोडल्या. जुडी आजींनी परत नेली नाही.

सावनेर
कोणी सांगत नाही ते सांगतो. रुजू अहवालाची पोच सही-शिक्क्यासह घ्या, दोन झेरॉक्स घरी ठेवा. माझी पोच एका कार्यालयात गहाळ झाली आणि पहिलं मानधन चार महिन्यांनी आलं. आमच्या वेळी ते 6,000 होतं, जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16,000 झालं. तरी तीन वर्षं त्यावरच काढायची आहेत, खोलीभाडं आणि पेट्रोल धरून. सुरुवातीच्या महिन्यांपुरते पैसे घरून मागायला लाजू नका.

काटोल, द्विशिक्षकी
दुसरे सर लांब रजेवर, चार वर्ग माझ्या एकटीच्या गळ्यात. ते कसंबसं निभलं. पहिली-दुसरी एका सतरंजीवर, तिसरी-चौथी दुसऱ्या. खरी दमछाक कापूस वेचणीच्या दिवसांत झाली. पट 31, हजर 14. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी पालकांवर बरीच चिडले. एक बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचा पगार महिन्याले येते. आमचा किलोवर येते जी." पुढं बोलायला मला काही सुचलं नाही.
नंतर लक्षात आलं, चौथीतली पोरगी 14 किलो वेचणीचे पैसे तोंडी सांगते, अन् कागदावरचा गुणाकार पाहिला की रडते. मग महिनाभर गणितं किलोचीच घातली. हजेरी फार वाढली असं खोटं सांगणार नाही. पण दुपारी दोन वाजता शेतातून धावत येणारी तीन-चार पोरं असायची, टाचणात, म्हणजे रोजच्या पाठांच्या नोंदवहीत, त्यांच्यासाठी वेगळा तास लिहायला लागले. तपासणीत त्यावर शेरा आला, तो आला.

उत्तर नागपूर, महापालिका शाळा
नाव लिहीत नाही. मी एका पोराला मारलं होतं. शिक्षणहक्क कायद्याचं मारायला बंदी घालणारं कलम 17 परीक्षेला पाठ करून आलो होतो, तरी मारलं. वर्गात 40 पोरं, निम्मी हिंदी बोलणारी, आणि माझा घसा बसलेला. ही झाली कारणं, माफी नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मग तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीतून घरी आलो, तर दारात तोच उभा. चाकाचा लाकडी बैल दोरीनं ओढत गल्लीभर फिरत होता. "सर, बोजारा?" सणाची भेट म्हणून दहाची नोट दिली, हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो लाजला, बाकीचे खिदळले.

धागा काढणारी मामी
भाचीनं सगळं वाचलं. शेवटच्या अनुभवावर बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, देवलापारच्या सरांची वही मिळंल का?

देवलापारकडचे गुरुजी
वही पावसात भिजली. पानांचे फोटो आहेत, पाठवतो. बरेच शब्द मी चुकीचे लिहिले असतील, ते तिथल्या पोरांकडून तपासून घ्या म्हणावं.