बंद घराच्या अंगणात फुलपाखरांसाठी कोणतं झुडूप लावू?

देवगडजवळ आमचं गावचं घर शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत तेवढं उघडतं. गडग्यालगत थोडी जागा आहे. खाली जांभा, वर जेमतेम वीतभर माती. पावसात धो धो, आणि ऑक्टोबर सरला की जूनपर्यंत पाणी घालायला कोणी नाही. त्यात खारा वारा.

तिथे इथल्याच मातीतलं, वर्षानुवर्षं टिकणारं फुलझाड हवंय. कृपया घाणेरी सुचवू नका. फुलपाखरं तिच्यावर येतात, पण ती अमेरिकेतून आलेली, आणि शेजारच्या काजूत शिरली की काढता काढता जीव जातो.

पाणंदीत पिटकुळी (बकोरा) रानटी वाढलीय. गणपतीत तिच्या लाल गुच्छांवर राणी पाकोळी येते, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. काळ्या पंखांवर निळं झळाळतं. नीट बसत नाहीच. पुढचे पंख फडफडत ठेवून फुलाच्या लांब नळीत सोंड घालते की लगेच पुढच्या फुलावर. ती अंगणात यावी असं फार वाटतं.

दुसरा विचार पिवळ्या काटेकोरांटीचा. भात कापलं की गुरं मोकळी सुटतात, काट्यांमुळे ती तरी वाचेल.

पिटकुळीची फांदी गणपतीत थेट जमिनीत लावली तर पाऊस जाण्याआधी मूळ धरेल का? आणि कोरांटीचं बी मे महिन्यातच पेरून ठेवलं तर चालेल?

प्रतिसाद:
फांदी थेट जमिनीत नको, पिटकुळी सावकाश मुळं धरते. गणपतीत पिशवीत लावा, शेजाऱ्यांकडे सावलीत ठेवा आणि पुढच्या जूनच्या पहिल्या पावसात त्यांनाच लावायला सांगा. जांभ्याची आंबट माती तिला मानवते. पहिला उन्हाळा मुळाशी पालापाचोळा जाड घाला.

कोरांटीची सुकलेली बोंडं शिमग्याला काढून कोरडी ठेवा. ओली झाली की फुटून बी उडतं. मे अखेरीस पेरलंत तरी चालेल. पानांवर लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका.

राणी पाकोळी पिटकुळीवर रस प्यायला येते, अंडी मात्र लिंबाच्या जातीच्या झाडांवर घालते. विहिरीकडे लिंबू आहे का तुमच्या?

धागाकर्ती:
आहे, जुनं ईडलिंबू. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं की आम्ही झाडून टाकायचो. त्या अळ्याच का?

प्रतिसाद:
बहुतेक हो, लहानपणी अशाच दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. राहू द्या.