पिकअपच्या साइड आरशांखाली जादा एलईडी – रिव्हर्स आणि लोडिंगसाठी

बंदरवाला:
मंडळी, गाडी बोलेरो पिकअप, बीएस६. आरसे साधे, हाताने फिरवायचे. दाराच्या काचा हँडलवाल्या, त्यामुळे आरशापर्यंत कंपनीची एकही वायर गेलेली नाही. फेऱ्या मस्जिद बंदर ते वाशी मार्केट, बहुतेक रात्रीच्या. रिव्हर्सच्या दिव्याचा उजेड मागे पडतो, बाजूला पडत नाही. मागच्या चाकाशेजारची गटाराची कड, फुटपाथचा दगड, उभ्या हातगाडीचा दांडा हे सगळं आरशात दिसायला हवं.
दोन्ही आरशांखाली एकेक एलईडी लावायचा विचार आहे. रिव्हर्स टाकला की आपोआप लागावा आणि माल भरताना वेगळ्या बटणावरही लागावा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर ‘१०० वॅट’ लिहिलेले चौकोनी वर्कलाइट बघितले. ते चालतील का? वायर दारातून कशी न्यायची? आणि पावसाळ्यात टिकायला काय काळजी घ्यावी?

झोत_आणि_कोन:
खोक्यावरच्या वॅटकडे बघूच नका. दुकानातच बॅटरीला जोडून मल्टिमीटर सिरीजमध्ये घालायला सांगा. १३.८ व्होल्टला ०.७ अँपिअर ओढत असेल तर तो १० वॅटचा दिवा, वर १०० छापलेलं असो की ३००. तुमच्या कामाला एका बाजूला १० वॅट पुष्कळ झाले.

खरा प्रश्न झोताचा. दिवा जमिनीपासून १.४ मीटरवर आहे आणि सरळ खालच्या दिशेपासून मागे ४५ अंश झुकवलाय असं धरा. झोत ६० अंशांचा असेल तर उजेड दिव्याच्या मागे साधारण ०.४ मीटरपासून ५.२ मीटरपर्यंत पडतो. मागचं चाक आणि फाळक्याची कड दोन्ही त्यात आली. तोच दिवा १२० अंशांचा असेल तर झोताची वरची कड क्षितिजाच्याही १५ अंश वर जाते, म्हणजे मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या थेट डोळ्यांत. चौकोनी ‘फ्लड’ दिवे बहुतेक असेच पसरट असतात. म्हणून अरुंद झोताचा घ्या, नाहीतर वर काळ्या पत्र्याची टोपी बसवा.

दिवा आरशाच्या प्लास्टिक कवचात कोंबू नका. बंद जागेत १० वॅटची उष्णता जाणार कुठे? आधी उजेड उतरतो, मग एकेक चिप लुकलुकायला लागते. कवचातच हवा असेल तर ३ वॅटचा ‘ईगल आय’ (बोल्टने बसणारा छोटा गोल दिवा) घ्या, पण त्याची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी कवचाबाहेर, हवेत राहिली पाहिजे. भोक किती पाडायचं ते दिव्याच्या व्यासावरून ठरवू नका, मागच्या आट्याचा बोल्ट कॅलिपरने मोजा आणि तेवढंच पाडा.

१० वॅटवाला लावायचा तर आरशाच्या दांड्याच्या मुळाशी, दाराच्या बाजूला क्लॅम्प मारून. टोकाला वजन लटकवलं की डिझेल आयडलला आरसा थरथरतो, आणि थरथरत्या आरशात गटाराची कड दिसत नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच हातचं गेलं.

ड्रिल हातात घेण्याआधी दिवा टेपने चिकटवून रात्री ट्रायल घ्या. एकाने ड्रायव्हर सीटवर बसायचं. दाराच्या काचेवर मुद्दाम पाणी शिंपडा, कारण दिव्याची कड सीटवरून दिसत असेल तर पावसात काचेवरचा थेंबन् थेंब उजळतो आणि आरसा नुसता पांढरा दिसतो. दुसऱ्याने १० मीटर मागे दुचाकीवर बसून बघायचं. त्याला चिप थेट दिसली तर कोन अजून खाली घ्या.

रिले_तीस_सत्त्याऐंशी:
वरच्याशी सहमत. आता वायरिंग. रिव्हर्सच्या दिव्याच्या लाइनवर हे दिवे थेट जोडू नका. आरशाजवळ कुठे शॉर्ट झालं तर त्या लाइनचा फ्यूज उडेल आणि मूळ रिव्हर्स दिवेही जातील. तिथून फक्त रिलेची कॉइल चालवायची (रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ती जेमतेम ०.१५ अँपिअर ओढते.

बॅटरी पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ब्लेड फ्यूज, तिथून रिलेचा ३० नंबरचा पाय (पायांचे नंबर रिलेवर छापलेले असतात). रिलेच्या ८७ वरून दोन्ही दिव्यांचे पॉझिटिव्ह. ८५ बॉडी अर्थला, ८६ ला ट्रिगर, म्हणजे रिले चालू करणारी वायर. दोन दिवे मिळून २० वॅट, म्हणजे दीड अँपिअरच्या आत. ५ अँपिअरचा फिकट तपकिरी फ्यूज घाला. हाताशी आहे म्हणून १५ चा निळा ठोकू नका. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. वायर ०.७५ चौरस मिमी, बारीक तारांची. जाऊन-येऊन ४ मीटर धरले तरी एका दिव्यामागे व्होल्टेज ०.१ च्या आसपासच पडतं, जाड वायरवर पैसे घालवायची गरज नाही.

बहुतेक जण चुकतात ते ट्रिगरपाशी. रिव्हर्सची वायर आणि बटणाची वायर दोन्ही तशाच ८६ ला बांधतात. मग बटण दाबलं की करंट उलटा रिव्हर्सच्या लाइनमध्ये शिरतो आणि गाडी उभी असताना मागचे रिव्हर्स दिवेही पेटतात. बटण बंद करायचं राहिलं तर पुढे चालतानाही पेटलेलेच. शिवाय ०.१५ अँपिअरसाठी घातलेल्या बारीक वायरवर मागच्या बल्बांचा भार येतो. म्हणून दोन्ही ट्रिगरवर १एन४००७ डायोड, एकेक; तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. लॅमिंग्टन रोडला सुट्या पैशांत मिळतात. डायोडमध्ये ०.७ व्होल्ट जातात, रिलेला त्याने काही फरक पडत नाही.

निगेटिव्हसाठी आरशाच्या दांड्यावर किंवा दारावर विसंबू नका. दाराची बॉडी केबिनला जोडलेली असते बिजागऱ्यांनी, आणि तिथे ग्रीस आणि गंज. दोन्ही दिव्यांची निगेटिव्ह वायर आत आणा, डॅशबोर्डखाली रंग खरवडून लग आणि दातेरी वॉशरने कसा, वर पेट्रोलियम जेली चोपडा.

बंदरवाला:
डायोडचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. रिव्हर्सची वायर नक्की कोणती हे कसं ओळखायचं? आणि बटणाला पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून देऊ की चावीवरून? माल भरताना चावी माझ्या खिशात असते.

रिले_तीस_सत्त्याऐंशी:
हँडब्रेक ओढा, चाकाला दगडाची ओट लावा, इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा आणि रिव्हर्स टाका. मागच्या दिव्याच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) मीटर लावा. गिअर काढल्यावर ज्या वायरवरचे १२ व्होल्ट जातात ती तुमची. ती कापू नका. थोडी साल काढून टी-जोड द्या, सोल्डर करा, वर ग्लूवाली हीटश्रिंक स्लीव्ह. चिमटा मारून बसवायचे निळे-लाल टॅप वापरूच नका. त्यांचं पातं तारा अर्ध्या कापतं, तिथून पाणी शिरतं आणि एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

बटणाला पॉझिटिव्ह बॅटरीवरूनच द्यावं लागेल, पण फ्यूजच्या पुढून. बटण आत लाल दिवा असलेलं घ्या. विसरून रात्रभर दिवे जळले तर आठ तासांत १२ अँपिअर-तास गेले. नव्या बॅटरीला झेपेल, म्हाताऱ्या बॅटरीची सकाळी सेल्फला कटकट होईल.

फिटनेसची_तारीख:
बटणावर माझा आक्षेप आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ बघा: गाडीच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दिसता कामा नये. रिव्हर्सचा पांढरा दिवा, नंबरप्लेटचा दिवा असे काही अपवाद आहेत. बटण चालू राहून गाडी हायवेवर निघाली तर तो मागे पांढरा दिवाच झाला. लाल बत्तीच्या बटणावर भिस्त ठेवू नका, रात्री तीनला ड्रायव्हर ते बघत नाही.

त्यापेक्षा एक पाच पायांचा रिले वाढवा. त्याची कॉइल चावीच्या लाइनवर. बटणाची वायर त्याच्या ३० वर आणा आणि ८७ए वरून (कॉइल बंद असताना ३० ला जोडलेला असतो तो पाय) पुढे डायोडकडे न्या. चावी ऑन झाली की ८७ए सुटतो, बटण आपोआप निकामी. चावी काढली की पुन्हा चालू. तुमची चावी खिशातच असते, म्हणजे कामाला चपखल. रिव्हर्सचा ट्रिगर वेगळ्या डायोडवरून येतो, त्याला काही होत नाही.

आणि दिव्यापर्यंतची वायर कपलरने जोडा. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. इन्स्पेक्टरने दिवे काढायला सांगितले तर दोन कपलर आणि दोन क्लॅम्प, तेवढंच काम राहिलं पाहिजे.

रिले_तीस_सत्त्याऐंशी:
८७ए ची युक्ती माझ्यापेक्षा सरस. तशीच करा.

ओली_वायर:
दाराचं राहिलं. पुढच्या दोन बिजागऱ्यांच्या मधून न्या. तिथे रबरी नळीची कंपनीची जागा असेल तर उत्तम, नसेल तर दाराच्या कडेला एक आणि पिलरला एक भोक, रबरी नळीच्या मापाचं. दोन्ही भोकं अगदी समोरासमोर नको, एक दुसऱ्यापेक्षा इंचभर खाली ठेवा. त्यामुळे दार उघडताना वायरला पीळ बसतो, एकाच जागी मोड पडत नाही. दिवसाला शंभर वेळा उघडणाऱ्या दारात मोड पडणारी वायर आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. भोकाच्या कडांना लगेच प्रायमर लावा. आपल्या खारट हवेत उघडा पत्रा पंधरा दिवसांत लाल होतो.

दार पूर्ण उघडून लांबी मोजा आणि वर ३-४ सेंटिमीटर ढील द्या. आत वायर काचेच्या रुळापासून लांब बांधा, मग काच दोन-तीनदा वर-खाली करून बघा. दारात पावसाचं पाणी शिरतंच, खालच्या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते. म्हणून दारात जोड ठेवू नका, सगळे जोड केबिनमध्ये. आत शिरण्याआधी वायरला भोकाच्या खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

दिव्यावर आयपी६७ लिहिलं असेल तर पाण्याच्या बाबतीत अर्थ एवढाच, की १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर जेटचं त्यात काही येत नाही, धुताना दिव्यावर थेट फवारा नको. पाणी बरेचदा काचेतून नाही, वायरीच्या शेपटीतून शिरतं. जोड उघडा असला तर तारांच्या मधून ओल दिव्यापर्यंत चढते. कवचाला भोक पाडलं असेल तर सिलिकॉन लावा, पण व्हिनेगरचा वास येणारं नको, त्यातल्या आम्लाने तांबं खातं. बिनवासाचं न्यूट्रल मागा. कवचाच्या तळाचं निचऱ्याचं भोक मात्र त्या भरात बुजवू नका.

बंदरवाला:
सगळं लिहून घेतलं. डायोडला एका टोकाला चंदेरी पट्टी असते, ती कुणीकडे?

रिले_तीस_सत्त्याऐंशी:
दोन्ही डायोडांची पट्टी रिलेच्या ८६ कडे. आणि रिले आतमध्ये डायोड असलेला मिळाला तर ८५ निगेटिव्हलाच, अदलाबदल केलीत तर आतला डायोड पहिल्याच झटक्यात जातो.