गुरुवारच्या संगतीनंतरचे सहा दिवस

प्रश्न (नाशिकरोड):
सातपूरच्या कारखान्यात माझी पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे पहाटेच्या प्रार्थनेची वेळ टिकत नाही. गुरुवारी आमच्या घरी पाच कुटुंबे जमतात तेव्हा मन भरून येते, पण शुक्रवारी पुन्हा कोरडेपणा जाणवतो. येशूशी जवळीक रोजची कशी व्हावी?

उत्तर (पंचवटी):
दादा, वेळ बदलली तरी शास्त्रभाग बदलू नका. मी मार्ककृत शुभवर्तमानातील एकच प्रसंग आठवडाभर वाचते. भाकरी थापताना तोच मनात घोळत राहतो.

उत्तर (शरणपूर):
बायबलमधील प्रेषितांची कृत्ये 2:46 प्रमाणे पहिले विश्वासणारे घरोघरी भाकर मोडत असत, आणि अक्विला व प्रिस्किल्ला या विश्वासणाऱ्या पतिपत्नीच्या घरीच मंडळी जमत असे. म्हणून एकत्र जेवणाला मी उपासनेहून वेगळे मानत नाही. आम्ही ना. वा. टिळकांचे अभंग पेटीवर म्हणतो, मग प्रत्येकाची अडचण वहीत लिहून चिठ्ठ्या काढतो, आणि ज्याचे नाव निघेल त्याच्यासाठी सात दिवस प्रार्थना करतो. गेल्या पावसाळ्यात माझी चिठ्ठी एका आजींना मिळाली होती. त्या रोज रात्री फोन करून, आधी जेवलास का, हे विचारत आणि मगच प्रार्थना करत.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. या गुरुवारी वही ठेवतो.